जवळचा विषय

माइकच्या काळ्या स्पंजला धाकटीची लिपस्टिक लागली होती — एवढासा लाल ठिपका — आणि ताईची नजर त्यावरून हलेचना. टाळ्या चालूच होत्या. वक्तृत्व मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, चक्क चष्मा काढून डोळे पुसत होते. धाकटीभोवती बायका जमल्या होत्या. कुणी पाणी पुढे करत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं... माझ्या पाठीवरून कुणी फिरवला होता?

भाषणाचे हेतू ताईनंच तर तिला शिकवले, भाजी निवडता निवडता. माहिती द्यायची, पटवून द्यायचं, हसवायचं, नाहीतर हेलावून सोडायचं — आधी हेतू ठरव, मग विषय. आणि विषय जवळचा घे गं, बोलताना घसा सुकेल असा. उसनं आणलेलं लोकांना लगेच कळतं. — कळतं म्हणे! डोंबल कळतं.

"आई गेली त्या सकाळी मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? सुटले बाई एकदाची," असं धाकटी म्हणाली आणि सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा उरला. मग चादरी बदलणं, चमच्याचमच्यानं भरवणं, हाक आली की झोपेतच 'आले गं' म्हणत उठणं... सगळीकडे 'मी' आणि 'मी'. अगं, तेव्हा तू होतीस कुठे? दुसऱ्या शहरात, फोनवर! 'आज जेवली का गं आई?' एवढं विचारलं की झालं तुझं. आणि ते सुटल्यासारखं वाटणं — ते ताईनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात फरशीवर बसून, तोंडात मूठ कोंबून. धाकटीनं तिला कुशीत घेतलं होतं. म्हणजे तेव्हाच हिच्या मनात... नाही, तेव्हा ती खरंच रडली होती. तेच तर सहन होत नव्हतं.

सेवा नेलीस ती नेलीस. पण माझी लाजसुद्धा?

मंडळाची रीत अशी, की भाषण झालं की दुसऱ्या सभासदानं उठून सांगायचं, वक्त्याचा हेतू साधला की नाही. आज धाकटीनं सकाळी चहा पितानाच गळ घातली होती — "विषय नाही सांगणार हं आत्ता. पण माझ्या भाषणावर तूच बोल. तुझ्याइतकं मला कोण ओळखतं?" ताई चारचौघांत घरचं काही उघडं पाडणार नाही, एवढं तीही ओळखून होती.

"या ताई," अध्यक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्याच्यानं तर बोलवत नाहीये. केवढं धाडस दाखवलं तुमच्या बहिणीनं!"

ताई उठली. माइक हातात घेतला. तो अजून कोमट होता. समोर धाकटी, सुजल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत, हसत — लहानपणी काही फोडल्यावर बघायची तशी. एकच वाक्य पुरलं असतं. ही नव्हती तिथे, मी होते. सुटल्यासारखं मला वाटलं... वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि ताईच्या लक्षात आलं, की आता हे तिनं म्हटलं तर तेच उसनं वाटणार.

तिनं डोळे मिटले. ती सकाळ तरी आपली असेल म्हणून आत शोधू लागली — आईची उशी, खिडकी, तो पहिला मोकळा श्वास — आणि सगळं सापडलं, जागच्या जागी. फक्त आवाज धाकटीचा होता, आणि ताईनंच शिकवलेल्या जागी तो नेमका थांबत होता.

"बोला ना, ताई," कुणीतरी म्हणालं. "साधला का हेतू?"