घरातला दुसरा पेपर

"ही बातमी लागणार नाही," संपादक म्हणाले आणि टिपणरावांनी लिहून आणलेले दोन कागद त्यांनी टेबलावरून परत सरकवले.

टिपणराव गालातल्या गालात हसले. अठ्ठावीस वर्षं बातमीदारी करणाऱ्या माणसाने 'लागणार नाही' हे किती वेळा ऐकलेलं असतं, त्याची गणती नसते. त्यावर त्यांच्याकडे एक रामबाण उपाय होता. खुर्चीत जरा मागे रेलून ते सवयीने म्हणाले, "ठीक आहे साहेब. उद्या त्यांच्याकडे येईल."

एवढं म्हटलं की आजवर कुठलाही संपादक कागद पुन्हा ओढून घेत असे. मालकाची भीती मोठी खरी, पण समोरच्या पेपराने आपल्या नाकावर टिच्चून बातमी छापण्याची भीती त्याहून मोठी. या संपादकांनी मात्र नुसती मान वर केली आणि विचारलं, "कोणाकडे?"

टिपणरावांनी बाजूला पाहिलं. समोरच्या पेपराच्या बातमीदार बाई त्यांच्यापासून चार हातांवर, शेजारच्याच टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. शिवाय त्या त्यांच्या पत्नी होत्या.

ही काय भानगड आहे ती नीट सांगायला हवी. त्या शहरात पेपर दोन. टिपणराव एकात, बाई दुसऱ्यात. हे कुठेही गेले तरी वही काढून टिपून घेत, म्हणून गावाने त्यांना टिपणराव केलं. आणि सभा संपली, माणसं चपला शोधू लागली की मागून एक आवाज येई, 'एकच विचारायचं होतं.' त्या एका प्रश्नाने भल्याभल्यांना घाम फुटे. त्या सवालबाई. दोघांचं लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं की छापून येईपर्यंत घरात बातमीचा विषय काढायचा नाही. आणि दोघांनी तो नियम असा पाळला की एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. टिपणराव मोरीत नळ सोडून फोनवर बोलत. बाईंची टिपणं तांदळाच्या डब्यात असत, आणि तांदूळ निवडायची पाळी टिपणरावांची असली की ती इस्त्रीच्या कपड्यांत जात. मुलगी लहानपणी दोघांनाही सामील होती आणि दोघांकडूनही चॉकलेट उकळत होती. एकदा तर हे दाताच्या डॉक्टरकडे म्हणून निघाले, त्या बहिणीकडे म्हणून, आणि दोघंही एकाच कचेरीच्या एकाच जिन्यावर समोरासमोर आले. "दात कसा आहे?" असं बाईंनी विचारलं. "बहिणीला नमस्कार सांग," असं हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी बातमी दोन्हीकडे आली आणि घरात दिवसभर नुसतं हसू.

सहा महिन्यांपूर्वी एका बड्या कंपनीने दोन्ही पेपर विकत घेतले. शहरातलं रेडिओ केंद्रही घेतलं. कुणाची नोकरी जाणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि शब्दही पाळला. फक्त दोन कचेऱ्यांची एक झाली, दोन संपादकांचा एक झाला आणि नवराबायकोची टेबलं शेजारी शेजारी आली. बातमी एकदाच लिहायची, ती दोन्हीकडे लागायची. नाव वेगळं, अक्षराचं वळण वेगळं, मजकूर तोच. टिपणरावांना सुरुवातीला बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. धावपळ कमी, मोरीतलं पाणी वाचलं. पण पुढे पुढे सकाळी पेपर उघडायला हात होईना. कालच आपण लिहिलेलं आज दोनदा काय वाचायचं?

आणि आता ही बातमी आली. याच कंपनीच्या बांधकाम खात्याने शहरातल्या मोठ्या शाळेची नवी इमारत बांधली होती. रविवारी तिथे तिसरीच्या वर्गात छताचा एक तुकडा पंख्यासकट खाली आला, थेट दुसऱ्या बाकावर. सुट्टी होती म्हणून निभावलं. सोमवारी खोली झाडून घेतली आणि मुलं पुन्हा त्याच छताखाली बसवली. आईबापांना कानोकान खबर नव्हती.

"साहेब, मुलं बसतात तिथे," टिपणराव म्हणाले.

संपादक माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मला कळत नाही का? पूर्वी मी मालकाला सांगायचो, आपण नाही छापलं तर ते छापतील, आपली शोभा होईल. आता काय सांगू? नाही छापलं, तर नाही छापलं. विचारणार कोण आहे?"

शेजारच्या टेबलावर पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी टिपणराव बाजारातून परस्पर कचेरीत गेले. पाहतात तर शेजारचं टेबल रिकामं. पेन्सिली नाहीत, पाण्याची बाटली नाही. कचेरीचा म्हातारा शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बाईंनी काल संध्याकाळीच राजीनामा दिला की. तुम्हाला ठाऊक नाही?"

टिपणरावांना आधी राग आला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि एका घरात राहून, एका ताटलीत बिस्किटं खाऊन, या बाईने पत्ता लागू दिला नाही. मग राग कुठे गेला कोण जाणे, आणि त्यांना हसूच फुटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हातून बातमी निसटली होती. त्यांनी तिथेच एक कोरा कागद ओढला आणि चार ओळी लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवल्या. संपादकांनी त्या वाचल्या आणि उठून त्यांचा हात हातात घेतला.

घरी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. हे आत येताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र पांघरलं.

"मला सांगायचं तरी," टिपणराव म्हणाले.

"छापून आल्यावर कळलं असतं."

"मीही राजीनामा देऊन आलो."

बाईंनी मान वर करून पाहिलं. "खरं सांगताय?"

"खरं. आता असं करू, आपण दोघं मिळून एक कागद काढू. एकच पान. तू लिही, मी तपासतो. झेरॉक्स काढायच्या आणि बाजाराच्या भिंतीवर लावायच्या. छान होईल."

"नाही," बाई म्हणाल्या. "एक नको. दोन काढू."

"दोन? माणसं दोन, बातमी एक, आणि कागद दोन?"

"अहो, एकच काढायचा तर तिथे काय वाईट होतं? आज शाळेचं लिहाल. उद्या तुमच्या मित्राचं काही निघालं की तुम्हीच म्हणाल, जाऊ दे. मीही म्हणेन. मग आपल्याला कोण विचारणार? तुमचा तुम्ही काढा, माझा मी काढते. आणि आता जरा बाहेर व्हा, माझं काम चाललंय."

टिपणराव वही घेऊन गॅलरीत गेले. गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधलं दार बाईंनी लावून घेतलं. मुलीचा दुसऱ्या गावाहून फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, या वयात लोक भांडण मिटवतात. तुम्ही दोघं नवीन काढताय." टिपणराव आवाज खाली आणून म्हणाले, "थांब जरा, तुझी आई ऐकतेय," आणि उठून मोरीतला नळ सोडून आले.

पुढचे दोन दिवस घरात काय आनंद होता, म्हणून सांगू. जेवताना दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत आणि एकमेकांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघत. टिपणराव शाळेत जाऊन आले, गवंड्याला भेटले, खोल्या पाहून आले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला दोघांनी वेगवेगळं गाठून शपथ घातली. तो बिचारा कागद पालथे धरून मोजत होता.

शुक्रवारी सकाळी सातला बाजाराच्या भिंतीवर, जिथे भाड्याच्या खोल्या आणि हरवलेल्या किल्ल्या यांच्या चिठ्ठ्या लागतात, तिथे दोन कागद लागले. आठला तिथे गर्दी होती. माणसं आधी एक वाचत, मग दुसरा, मग पुन्हा पहिल्याकडे येत आणि आपापसांत वाद घालत. टिपणराव मागे उभे राहून ऐकत होते. त्यांच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं, शाळेच्या तीन खोल्यांची छतं धोक्याची. काम नेटकं झालं होतं, आणि ते स्वतःवर खूश होते.

तेवढ्यात एक आजी गर्दीतून बाहेर आल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात सात-आठ वर्षांची नात, पाठीला दप्तर.

"टिपणराव, बाईंच्या कागदात चार खोल्या आहेत. मुख्याध्यापिकेने चार महिन्यांपूर्वी लिहिलेलं पत्रसुद्धा आहे. तुमच्यात का नाही?"

टिपणरावांनी पुढे होऊन बाईंचा कागद वाचला. चौथी खोली जिन्यामागची. ते शाळा सुटल्यावर गेले तेव्हा तिचं दार बंद होतं, आणि कोठी असेल असं समजून ते पुढे गेले होते. बाईंनी ते दार उघडायला लावलं होतं.

"माझं चुकलं, आजी," ते म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. खोल्या चार."

"ही त्या चौथ्या खोलीत बसते," आजी नातीकडे बघून म्हणाल्या. "नुसता तुमचाच कागद असता, तर हिची खोली त्यात नाही म्हणून आता मी हिला शाळेत सोडून आले असते."

तुमच्यात का नाही, असं टिपणरावांना गेल्या सहा महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, सगळ्यांदेखत आपल्या कागदावरचं 'तीन' खोडून वर 'चार' लिहिलं, खाली 'चूक माझी' असं लिहून सही केली. मग ते बाजूला सरकले आणि बाईंचा कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा, सावकाश वाचू लागले.