अकरा पट्ट्या

रीळताई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. लाइफ जॅकेट शिवायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं खिडकीजवळचं मशीन तिचं, आणि ते हलवायचं तर आधी तिला हलवावं लागलं असतं. आता नेमकं तेच चाललं होतं. सुपरवायझरनं सांगून टाकलं होतं, तुमचं काम फार रेंगाळतंय, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला. घरी नवरा म्हणत होता, "हल्ली तुझं डोकं फिरलंय." खरं सांगायचं तर गेले दोन महिने तिलाही तसंच वाटत होतं, आणि सगळ्यात जास्त तेच झोंबत होतं.

मूळ दुखणं कापडाच्या धुळीचं. शिंका आणि धाप तिच्या पाचवीलाच पुजलेल्या. आधी ती एक पिवळी गोळी घ्यायची. शिंका थांबायच्या, पण दहाच्या सुमाराला डोळ्यांवर झापड यायची, आणि धापेला त्या गोळीचा काडीचा उपयोग नव्हता. मग डॉक्टरांनी नवी गोळी दिली, रोज संध्याकाळी एक. नाक आणि छाती, दोन्हींचा एकदम बंदोबस्त, वर गुंगीही नाही. आठवड्यात शिंका गेल्या. जिना चढताना छाती वाजेनाशी झाली. ताई खूश.

झोपेचं मात्र पार खोबरं झालं. रोज स्वप्नात तिनं शिवलेला पट्टा उसवायचा आणि माणूस पाण्याखाली जायचा. दिवसा उगाच रडू यायचं, नवऱ्यावर ती वसकायची. पण गोळीचा संशय कुणाला येणार? तिनं तर श्वास मोकळा केला होता.

संशय आला डब्यामुळे. कारखान्याचा नियम असा की सकाळी पट्ट्याच्या दोन तुकड्यांवर एक शिवण मारायची, दोन्ही हातांनी ओढून बघायची, टिकली की तारीख लिहून ती पट्टी डब्यात टाकायची आणि मग कामाला लागायचं. दिवसाला एक पट्टी. शुक्रवारी तिनं मशीनचा खण आवरायला घेतला आणि डबा उपडा केला. पिवळ्या गोळीच्या दिवसांतल्या पट्ट्या रोजची एक, शिवण जराशी वाकडी. नव्या गोळीच्या दिवसांत शिवण सरळ, पण एकाच तारखेच्या चार पट्ट्या, मग सात, मग नऊ. एका मंगळवारी अकरा. मध्येच दहा दिवस त्या कमी होत होत एकीवर आलेल्या, आणि पुन्हा वाढलेल्या. ताईनं बोटांवर हिशोब लावला. त्या दहा दिवसांत औषधाच्या दुकानात नवी गोळी संपली होती. धाप सोसत तिनं घरातली पिवळीच घेतली होती.

"मेली गोळी मला वेडी ठरवतेय होय," ती पुटपुटली आणि डबा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात होती. "गोळी बंद करायची नाही," तिनं नव्या गोळीचं नाव काढताच डॉक्टर म्हणाले. "धाप गेली ना? मग झालं तर. शेकडो जणांना देतो मी. तुमचा स्वभावच काळजीचा आहे."

"काळजी मी एकोणीस वर्षं करतेय, डॉक्टर. कामच आहे ते माझं. पण दिवसाला एका पट्टीपुरती करते." तिनं टेबलावरचा त्यांचा पेन बाजूला सारला आणि तारखांप्रमाणे पट्ट्या मांडल्या, पिवळ्या गोळीच्या एकीकडे, नव्या गोळीच्या दुसरीकडे.

डॉक्टरांनी दोन-चार उचलून पाहिल्या. "शिवण तर छान आहे. पिवळ्या गोळीचीच वाकडी दिसतेय."

"हो ना. ह्या मंगळवारच्या अकराही छान आहेत. ओढून बघा. पहिलीच पक्की होती, तरी मी आणखी दहा शिवल्या. माझ्या हातावर माझाच विश्वास राहिला नाही, आणि तुम्ही म्हणता स्वभाव."

डॉक्टरांनी एक पट्टी खरंच ओढली. मग तिची फाइल उघडून औषधांच्या तारखा पट्ट्यांशी ताडून बघितल्या.

"थोड्या लोकांना होतं असं," ते शेवटी म्हणाले. "वाईट स्वप्नं, मन खचणं. मी आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ताई म्हणाली.

त्यांनी गोळी बदलली. नाकाला कमी गुंगीची दुसरी गोळी, श्वासाला रोज ओढायचा पंप. ताई उठली नाही. "आता ह्यांनी काय काय बिघडू शकतं ते आधी सांगा. आणि लिहून द्या." बाहेर पेशंट खोकत राहिले, डॉक्टर लिहीत राहिले.

सोमवारी ती पॅकिंगकडे फिरकलीच नाही. सुपरवायझर आला तेव्हा मशीनला तेल घालत होती. "गोळी बदललीय, तीन आठवडे द्या," ती म्हणाली. "मग डबा बघा. तेव्हाही एका दिवसाच्या दोन पट्ट्या निघाल्या, तर माझ्या पायानं जाते."

पहिल्या दिवशी सहा निघाल्या. सुपरवायझरनं मोजल्या, तिनं मोजू दिल्या. मग पाच, मग तीन. कितीतरी दिवस दोनवर अडलं, पण ती हटली नाही.

तीन आठवडे भरले त्या सकाळी तो मशीनशी येऊन उभा राहिला. ताईनं शिवण मारली, ओढून पाहिली, तारीख घातली. हात सवयीनं पुढच्या तुकड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"दुसरी?" त्यानं विचारलं.

"लागत नाही," ती म्हणाली, आणि पहिल्या जॅकेटचा पट्टा सुईखाली घेतला.