दोन दारांचा पाय

न्हाव्याचा उजवा पाय अपघातात गुडघ्याखालून गेला, तेव्हा सरकारी दवाखान्याने नवा पाय बनवून दिला. तो लावून चालायला शिकवायचं काम मात्र एका खासगी संस्थेकडे होतं. इमारत सरकारची, माणसं संस्थेची. दोघांची भागीदारी आहे म्हणे. भागीदारी म्हटलं की न्हावी चार हात लांब राहायचा. मेव्हण्याबरोबर दुकान काढून त्याने एकदा हात पोळून घेतले होते.

दुकानात उभं राहायला लागल्यावर नवा पाय टोचू लागला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो दवाखान्यात आला.

पाय बनवणाऱ्या कारागिराने तो उलटासुलटा करून पाहिला. "पाय झकास आहे मामा, तुमची चाल चुकतेय. समोरच्या दारात जा."

समोर संस्थेच्या व्यायामवाल्या बाईंनी त्याला दोन दांड्यांमधून चालवलं. "चाल तर सरळ आहे. पायातच खोट असेल. तिकडे सांगा."

पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. न्हाव्याला भोवंडल्यासारखं झालं. खरंच टोचतंय, की आपल्याला उगाच वाटतंय?

"अहो, तुमचा पाय, तुम्हालाच कळेना?" बायको वैतागली.

"माझा की ह्यांचा, तेच कळेना!"

तिने त्याला बाकावर बसवलं आणि दोन्ही दारांतून दोघांना बोलावून आणलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी गत झालीय आमची. काय ते इथेच ठरवा."

बाईंनी विचारलं, "दुकानात उभे कसे राहता?"

न्हावी उठला आणि कारागिराच्याच डोक्यावर वाकला, कात्री धरल्यासारखा. वाकताच कळवळला. कारागिराने खाली बसून पाहिलं. वाकलं की वरची कड मांसात रुतत होती. त्याने ती घासून दिली. बाईंनी भार डाव्या पायावर कसा घ्यायचा ते दाखवलं.

"आता बरं वाटतंय?" दोघांनी एकदमच विचारलं.

कुणाकडे बघून मान हलवावी, न्हाव्याला सुचेना. "पुन्हा टोचला तर कुठल्या दारात येऊ?"

दोघांनी एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने विचारलं, "पाय कुणी दिला रे? सरकारने की संस्थेने?"

न्हावी कात्री थांबवून विचारात पडला. "अर्धा अर्धा," तो म्हणाला. "कुठला अर्धा कुणाचा, ते विचारू नका. मान खाली घ्या."