पहिला फोटो

कांचनने पदर खोचला, एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवली आणि हात कमरेवर ठेवून खांदे पुढे घेतले.

"देखो, ऐसे. कुछ नहीं होता."

तंत्रज्ञ निनादने बटण दाबल्यासारखं केलं. टी. टी. नगरच्या बाजारामागच्या रैनबसेऱ्यात, रस्त्यावरची माणसं जिथे रात्री पाठ टेकतात तिथे, आज क्षयाची तपासणी होती. पहिला फोटो नेहमी आरोग्यसेविका कांचनचा, ही दोघांची ठरलेली पद्धत. फोटो काही निघायचा नाही. दर शिबिरात उगाच किरणं कशाला अंगावर घ्यायची? पण बाईच उभी राहिलेली पाहिली की मंडळींची भीती मोडायची. या नाटकात कांचन इतकी मुरली होती की श्वास रोखायलाही विसरत नसे.

रांग पुढे सरकू लागली. एका फुगेवालीच्या फोटोत मशीनने तांबडा डाग दाखवला. कांचनने तिला मास्क दिला, थुंकीची डबी दिली आणि मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, साथ में कोई छोटा बच्चा है? फुगेवालीने कडेवरचं पोर घट्ट धरलं. रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळं झोपव, असं कांचनने तिला बजावलं. वेगळं म्हणजे कुठे, हे ना तिने विचारलं, ना कांचनला सुचलं.

कांचनचं अर्धं लक्ष घराकडे होतं. लेक स्वरदा आजपासून पुन्हा कामावर रुजू होणार होती, दुपारी बाळाला सांभाळायचं होतं. सात महिन्यांचा नातू, पण आजीच्या छातीवर पालथा पडल्याशिवाय झोपेल तर शपथ. कांचनला त्याचा कोण अभिमान! मधेच तिला खोकला आला की तो दचकायचा, म्हणून अलीकडे ती खोकला गिळायला शिकली होती. त्यांच्या सोनागिरी वस्तीत धूळ काय थोडी आहे?

गोपीनाथ नावाचा एक हमाल मात्र सकाळपासून कोपऱ्यात बसून होता. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, पण पाटीपाशी गेला नाही.

"सबका फोटू आया. तुमारा कहां आया, बाई?"

मागची रांग जागीच थबकली. दोघं तर चपला घालून निघालेच. निनादचा चेहरा उतरला. कांचनला मात्र हसू आलं. चोरी पकडली होती बेट्याने. तिने निनादला एकदा खरा फोटो घ्यायला सांगितलं आणि पुन्हा पाटीला छाती टेकवली.

फोटो पडद्यावर उमटला. उजवीकडे, खांद्याखाली, लिंबाएवढा तांबडा डाग होता.

मशीन तापलं असेल, असं पुटपुटत निनादने दुसरा फोटो घेतला. डाग हलला नाही.

"काकू, माझा जुना, बिनडागाचा फोटो आहे यात," तो हळूच म्हणाला. "तुमचा म्हणून तोच दाखवू का त्यांना?"

कांचनला ते नीट ऐकूच आलं नाही. उजवा खांदा. बाळाचा गाल तिथेच असतो. सकाळी त्याची लाळ तिथेच गळली होती. तिने नाकावरचा मास्क दाबून धरला. शिबिरात तो कधी खाली येत नसे. घरी पाऊल टाकलं की आधी तोच उतरायचा.

गोपीनाथ पडद्याजवळ आला. तांबड्याचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, फुगेवालीच्या वेळी त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने खोक्यातली एक डबी काढली आणि कांचनच्या हातात ठेवली. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. अशा वेळी हेच विचारतात, असं त्याला वाटलं असावं.

"साथ में कोई छोटा बच्चा है?"

कांचनने मान वर केली. तो उत्तराची वाट बघत उभा होता.