सरदाराचं लोखंड

आमच्या राजूरकडच्या सरदार मानकोजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पूर्णेला पूर आला की ते घोड्याची शेपटी धरून, डोळे मिटून पलीकडे जात, असं गावात सांगतात. बहुधा म्हणूनच नौदलाने एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं. गावाने ते फार मनावर घेतलं. दर जयंतीला चौकात जहाजाच्या फोटोला हार पडायचा. पाण्याचे टँकर सुरू असायचे त्या वर्षीही फोटोतलं पाणी निळंशार असायचं.

त्या जहाजावर गावातलं एकच माणूस नोकरीला होतं. तातेराव आणि चांगुणाबाईंचा देवानंद. बौद्धवाड्यातला पोरगा सरदारांच्या जहाजावर चढला म्हटल्यावर गावाला जरा ठसका लागला, पण जहाज लांब होतं, म्हणून निभावलं. मग एका वादळात देवानंद डेकवरून वाहून गेला. सापडला नाही. घरी आली ती त्याची पेटी आणि इस्त्रीचे कपडे. आईने कवटाळून रडावं असं त्यात काही नव्हतं. कपड्यांना नुसता साबणाचा वास.

पुढे जहाज म्हातारं झालं, भंगारात निघालं आणि तुकडे होऊन जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात आलं. समुद्र आमच्याकडे आला तो असा, ट्रकमधून.

सरदारांच्या स्मारक समितीचे अध्यक्ष रामराव तातडीने जीप घेऊन निघाले. तातेराव-चांगुणाबाईंना त्यांनी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसवलं. शहिदाचे आईबाप सोबत असले की कारखान्याचे शेठजी लवकर वितळतात, असा त्यांचा हिशोब.

नवलकिशोर शेठ खरंच वितळले. "स्मारकाच्या सगळ्या सळया माझ्याकडून," ते म्हणाले. "याच जहाजाच्या. बिलकुल वेगळ्या काढून ठेवतो."

चांगुणाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. ढिगातल्या एका राखाडी पत्र्यावर त्यांनी हात ठेवला होता. "शेठजी, एवढा तुकडा मला देता का? माझं लेकरू याच्यावर उभं राह्यलं आसंल."

"घेऊन जा, माय. विचारता काय?"

"थांबा शेठ," रामराव म्हणाले. "सरदारांचं लोखंड हाये. समद्या गावाचं. असं तोडून वाटू नका. माय, आधी स्मारक होऊ द्या. मंग एक सळई तुम्हाला, बराबर घरपोच."

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तातेरावांनी मान डोलावली. त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

चांगुणाबाईंनी हात काढून घेतला.

स्मारक झालं. सळया सगळ्या चबुतऱ्यात गेल्या, वरून काँक्रीट. सळईचं विचारायला चांगुणाबाई गेल्या, तेव्हा रामरावांना खरंच वाईट वाटलं. "आता फोडावं लागंल वो, माय," ते म्हणाले. "सरदारांचा अपमान व्हईल."

"मंग मी तिथं येऊन बसत जाईन, दादा. हात लावून."

रामरावांनी यावर समितीची बैठक घेतली. चबुतऱ्यावर कोणीही बसू नये म्हणून भोवती कठडा करायचं ठरलं. कोणीही म्हणजे कोण, हे विचारायची गावाला गरज पडली नाही. कठड्याला जहाजासारखा राखाडी रंग दिला, फाटकाला कुलूप घातलं. ते जयंतीला उघडतं.

आता चांगुणाबाई रोज संध्याकाळी बाहेर उभ्या राहतात. दोन्ही हातांनी कठडा धरतात, गालही टेकवतात. तातेराव थोडे मागे थांबतात.

"गार लागून राह्यलं," परवा त्या म्हणाल्या. "वादळात हेच धरून उभा आसंल का वो त्यो?"

कठड्याचा पाईप नवा, जालन्याच्या दुकानातला. टेम्पो घेऊन आणायला तातेरावच गेले होते.

"आसंल," ते म्हणाले.