फोटोपुरती दुमडलेली नळी

शून्य मीटर

नळी राखीनेच दुमडली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर लोकांनी भलत्याच लोकांची नावं घेतली.

सकाळचे सात. जेलरोडच्या मैदानावर मांडव, मांडवात स्टेज, स्टेजवर लग्नातला लाल सोफा आणि सोफ्यावर अश्विन साळवे, राखीचा नवरा. मागे फलक: ‘अश्विनसाठी धावूया, पाच किलोमीटर’. फलकावर त्याचाच चेहरा, त्याच्या दहापट. दोन वर्षांपूर्वीपर्यंत असले फलक तो स्वतः बांधायचा. मुंबई नाक्यावरच्या सांगाड्यावरून पडला, पाठीचा मणका गेला आणि छातीखालचं सगळं अंग मुकं झालं. उरले ते हात. त्या हातांनी तो घरी बसून मिक्सर, इस्त्र्या, मोबाइल दुरुस्त करतो. मंडळ त्याला जी तीनचाकी स्कूटर देणार होतं, ती स्टेजखाली रिबीन बांधून उभी होती. तीही हातांनीच चालवायची.

मंडळाची स्नेहल राखीच्या कानाशी आली. “वहिनी, राग मानू नका हं, पण ती पिशवी फोटोत येतेय.”

लघवीची पिशवी सोफ्याच्या पायाला लटकत होती. राखीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पिशवी उचलून त्याच्या मांडीमागे सारली, नळीची घडी घातली, वरून सत्काराची शाल पांघरली.

“दहाच मिनिटं.”

“मला कुठं काय कळतंय,” अश्विन हसला. “तू म्हणशील तोवर.”

चाळीस मीटर

पाहुणे पाऊण तास उशिरा आले. तेवढा वेळ तिला कुणी हार मोजायला लावलं, कुणी खुर्च्या मांडायला. मग कुणीतरी तिच्या पाठीला एक नंबरचा कागद टोचला, मोबाइल काढून स्नेहलच्या पर्समध्ये टाकला आणि तिला ओढत रेघेवर नेलं.

“आधी वहिनी! वहिनींशिवाय झेंडा नाही हलणार!”

तिथे तिला आठवलं.

स्टेजवर माइक धरून वाल्मीक उभा होता, अश्विनचा शाळेपासूनचा दोस्त. तिने दोन्ही हात वर केले. “वाल्मीकभाऊ! नळी! त्यांची नळी सोडा!”

ढोल. भोंगा. वाल्मीकने अंगठा दाखवला.

अकराशे मीटर

दाखवला होता. अंगठा दाखवला होता, म्हणजे ऐकलं असणार.

ती पळत होती. मागून हजारभर पावलांचा आवाज येत होता आणि त्या आवाजात मैना सिस्टर बोलत होत्या. हॉस्पिटलमधून घरी सोडताना त्यांनी राखीला समोर बसवून सांगितलं होतं: “पाय बोलत नाहीत म्हणून शरीर गप्प बसत नाही गं. नळी तुंबली की तोंड लाल होईल, कपाळावर घाम फुटेल, अंगावर काटा येईल, डोकं ठणकेल. तेव्हा बी. पी. आभाळाला टेकलेलं असतं. आधी ताठ बसव. मग नळी बघ. आडवं करायचं नाही, काय? उशीर झाला तर मेंदूतली शीर फुटते. मग हे हातपण गेले समज.”

वाल्मीकने ऐकलं असणार.

एकोणीसशे मीटर

दसकचा पूल दिसू लागला. पाण्याच्या टेबलाशी एक बाई मोबाइलवर कार्यक्रम लाइव्ह बघत होती.

“अगं बाई, तुम्हीच ना त्या? हे बघा, तुमचे मिस्टर किती भारावलेत!”

अश्विनचा चेहरा लालबुंद होता. कपाळावरून घामाच्या धारा. शालीबाहेरच्या हातांवर काटा. कुणीतरी त्याच्या तोंडाला शहाळं लावत होतं.

“हे तिसरं,” वाल्मीक माइकवर म्हणाला. “ऊन लागलंय आमच्या हिरोला!”

“डोकं फार दुखतंय,” अश्विन म्हणाला. “राखीला बोलव.”

“येतेय की! तुझ्यासाठीच पळतेय ती! वाजवा टाळ्या!”

हशा, टाळ्या. अश्विननेही वाजवल्या. भिडस्त माणूस, कुणी टाळ्या म्हटलं की त्याचे हात आपोआप वर यायचे. मग पडद्यात चार हात शिरले आणि त्यांनी मोठ्या मायेने त्याला सोफ्यावर आडवं केलं.

राखीने त्या बाईच्या हातून मोबाइल हिसकावला. स्वतःचाच नंबर तेवढा पाठ होता. लावला. तो स्नेहलच्या पर्समध्ये वाजत राहिला, वाजत राहिला. टेबलाशेजारीच रुग्णवाहिका उभी होती. चालक म्हणाला, “ताई, सगळे गेल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. तुम्हीच बघताय ना रस्ता.”

ती उलटी फिरली.

सतराशे मीटर

“ओ वहिनी, वळायचं पुढं आहे!”

“ताई, पुलाला वळसा घातल्याशिवाय मेडल नाही मिळणार!”

“अहो, चिटिंग करतायत बघा घरचेच!”

सगळा रस्ता तिच्या अंगावर येत होता. पांढरे टी-शर्ट, प्रत्येकाच्या छातीवर अश्विनचा चेहरा, हसरा, कोरडा, एकसारखा, शेकडो वेळा

नऊशे

आधी बसव मग नळी आधी बसव आडवं करायचं नाही दहाच मिनिटं म्हणाले होते मी दहाच मिनिटं मीच म्हणाले होते आधी बसव

साठ मीटर

पुलावरून परतलेले पहिले पाच-सहा जण आत शिरले, त्यांच्यातच ती. ती कुठून आली हे मैदानावर कुणी पाहिलं नव्हतं. समोर दोघांनी फीत ताणून धरली.

“आणि पहिली महिला! कोण? कोण? आपल्या वहिनी!” वाल्मीकचा आवाज फाटला. “याला म्हणतात संसार!”

फीत छातीवर तुटली. कुणी हार घातला. कुणी दंड धरून कॅमेऱ्याकडे वळवलं. “ताई, एकच मिनिट, इकडे बघा, हसा.” तिने त्या माणसाच्या हाताला चावा घेतला.

शून्य

शाल भिरकावली. बखोटीला धरून त्याला ताठ बसवलं. मांडीमागे हात घातला. नळी होती तशीच होती, तिने घातलेल्या घडीतच, चपटी. तिने ती सरळ केली आणि पिशवी खाली धरली. सगळ्यांच्या देखत पिशवी भरायला लागली. फोटो काढणारे थांबले.

“वहिनी,” वाल्मीक माइक खाली धरून म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही टाटा करताय.”

ती अश्विनकडे बघत होती. लाली हळूहळू उतरत होती. घाम थांबला. त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं.

“पहिली आलीस?” जीभ जरा जड वाटली. थकला असेल.

“हो.”

मागे कुणालातरी वाटलं, संकट टळलं. माइक हातातून हातात गेला. “आपल्या राखीवहिनींसाठी, सगळ्यांनी, जोरदार टाळ्या!”

सगळं मैदान वाजायला लागलं. अश्विन हसला. तोंडाची एकच बाजू हसली. भिडस्त माणूस, त्याने टाळीसाठी हात उचलला.

उजवा वर आला आणि छातीसमोर तसाच उभा राहिला, दुसऱ्याची वाट बघत.