चादरीखालचा जिन्न

"दिसला! दिसला!"

अख्खी गल्ली आमच्या अंगणात घुसली होती, पोरं तर भिंतीवर चढलेली. पांढऱ्या चादरीखाली माझी धाकटी बहीण झहूर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर धरलेल्या पाण्याच्या भांड्यात झाडफूक करणाऱ्या फकीह तहामीनं वितळलेलं शिसं ओतलं. चर्रर्र! वाफ उठली आणि त्यानं काटेरी गोळा बाहेर काढला.

"ही शिंगं बघा! जिन्न हिच्या रूपावर भाळलाय. दर्ग्यात साखळीनं बांधा हिला. हिची लेक हिच्यापासून दूर ठेवा."

झहूरची सासू लल्ला यामना रडत रडत नातीचे कपडे बांधायला लागली. माझं डोकंच फिरलं!

खोटं कशाला बोलू, झहूरबरोबर राहणं सोपं नव्हतं. नवरा द्रीस दुकानातून जरा उशिरा आला की "मला टाकून चाललास ना?" म्हणत ती बशा फोडायची आणि घटकाभरात त्याचेच पाय धरायची. सकाळी मी जीव की प्राण, संध्याकाळी वैरीण. मनगटावर तिनंच करून घेतलेले व्रण. पण जिन्न? डोंबलाचा जिन्न!

मी द्रीसला गाठलं. "उद्या तो पुन्हा शिसं ओतणार आहे. चादरीखाली तू बस."

"ताई, वेड लागलंय का तुम्हाला?"

"बायकोला साखळी घालण्याआधी एवढं तरी कर!"

चादरीतल्या बाईचं तोंड बघायचं नाही, हा फकीहचाच नियम. दुसऱ्या दिवशी गोळा निघाला तसा तो ओरडला, "तोच! काय हिचं रूप, काय हिचे डोळे! सोडायला तयार नाही!"

चादर उडाली. आत द्रीस, मिशीसकट.

"माझ्या रूपावर भाळला होय, फकीहसाहेब?"

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. मी उरलेलं शिसं जमिनीवरच्या पाण्याच्या घंगाळात ओतलं. तशीच शिंगं!

"आता हा कुणाच्या अंगातला? घंगाळाच्या?"

फकीह सटकला. तेवढ्यात आतून झहूरचा हुंदका आला, "म्हणजे मी नाटक करते?"

हसू जागच्या जागी विरलं. मला फार लाज वाटली.

दवाखान्यात डॉक्टर इकराम तिला म्हणाल्या, "नाटक नाही, जिन्नही नाही. याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. भाजलेल्या कातडीला फुंकरही झोंबते, तसं तुझं मन आहे. दर आठवड्याला यायचं, बोलायचं. उसळी आली की ती कशी निभवायची ते शिकायचं. गोळ्या लागल्याच तर मदतीपुरत्या. वेळ लागेल, पण पुष्कळजण सुधारतात. आणि द्रीस, तुम्हीही शिकायचं."

झहूर अजून भडकते. काल द्रीसला उशीर झाला. तिनं बशी उचलली. मग बशी खाली ठेवून फोन लावला.

"कुठे आहेस?"

"कोपऱ्यावर. आलोच."

त्याच बशीत तिनं लेकीला कुसकुस वाढलं.

बाबांनो, तापलेलं शिसं गार पाण्यात पडलं की त्याला शिंगं फुटतातच, भांडं कुणाच्याही डोक्यावर धरा. घरातलं माणूस असं तडफडत असेल तर साखळी नको, डॉक्टर शोधा. आणि लेकरू आईपाशी राहू द्या.